चौथ्या सिलिंडरची खाच

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र पाहून हसशील. पण फोनवर तू नुसतं "बरं, बरं" म्हणतोस आणि फोन वहिनीच्या हातात देऊन मोकळा होतोस. हा कागद मात्र तुलाच वाचावा लागेल, शेवटपर्यंत.

आई बरी आहे. गुडघा दुखतो आणि त्याचा सगळा राग माझ्यावर निघतो. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला ओल आली होती, ती बुजवून घेतली. सिलिंडर घासायच्या होनिंग मशीनला नवा पट्टा घातला, आता ते पूर्वीसारखं किंचाळत नाही. तू पाठवलेला इंजिनचा ब्लॉक पोचला. ट्रकवाल्याने उतरवताना असा आदळला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तू असतास तर मलाच गप्प केलं असतंस.

ब्लॉक उत्तम आहे. इतकं जाड ओतकाम हल्ली बघायला मिळत नाही. तुझ्या लेकीची घाटातली मोटारींची शर्यत अजून लांब आहे, म्हणून मी सावकाशीने घेतलं. साबणाच्या गरम पाण्याने धुतला, बोल्टांची भोकं ब्रशने साफ केली, सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजली. ती पुरेशी आहे. मग ब्लॉक उलटा करून तू पाडलेल्या खाचा बघायला बसले. लांब स्ट्रोकचा क्रँक घातला की रॉडचं डोकं सिलिंडरच्या खालच्या काठाला घासणार, म्हणून तिथे खाच पाडायची, आणि खाच जरा खोल गेली की मागे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची पोकळी. हे तूच मला शिकवलंस आणि मी तुलाच सांगत बसलेय. मुद्द्यावर यायला नको वाटतंय, म्हणून.

पहिल्या दोन खाचा तुझ्या हातच्या, सफाईदार, कुणीही ओळखेल. तिसरीत ग्राइंडर नाचलाय. चौथी मात्र फारच गुळगुळीत होती. मला वाटलं, दादा आता खाचांनाही पॉलिश करायला लागला की काय! तरी मन खात होतं, म्हणून होनिंग पुढे ढकललं. पाण्याच्या सगळ्या वाटा पट्ट्या लावून बंद केल्या, आत हवा भरली आणि ब्लॉक पाण्याच्या टाकीत सोडला.

चौथ्या सिलिंडरखालून बुडबुडे आले. बारीक, एकामागून एक.

वर काढून खरवडलं तर मेटल पुट्टी. तेल आणि काजळी चोळून लोखंडाच्या रंगाची केलेली. तिच्यामागे तांदळाच्या दाण्याएवढं भोक.

दादा, भोक पडल्याचा मला राग नाही. भोक कुणाच्याही हातून पडतं. पण ती पुट्टी इंजिन तापल्यावर सुटली असती. पाणी तेलात गेलं असतं, बेअरिंग गेली असती, आणि ऐन वळणावर इंजिन जाम झालं असतं तेव्हा आत तुझीच लेक, आपली ठकी, बसलेली असती. तुला हे सुचलं नाही असं मला सांगू नकोस. इतका राग मला तुझा आजवर कधी आला नव्हता. आईला काही बोलले नाही, पण भांडी जरा जास्तच आपटली.

मग तुझा चहा आठवला. मागच्या खेपेला आलास तेव्हा म्हणालास, "अर्धाच दे गं." मी म्हटलं, "डॉक्टरांचा हुकूम की वहिनीचा?" तू हसलास आणि अर्धा कप दोन्ही हातांनी धरून प्यायलास. मी थट्टेच्या नादात होते, माझ्या लक्षातच आलं नाही. केव्हापासून होतंय रे हे? कुणाला दाखवलंस तरी का? मला ग्राइंडर धरायला शिकवताना हात हलू नये म्हणून तू कोपर बरगडीला टेकवायला लावायचास. त्या चौथ्याजवळ तू तेही करून पाहिलं असशील, एकट्याने, दार लावून घेऊन. हे डोळ्यांसमोर आलं की राग कुठल्या कुठे जातो आणि रडू येतं.

काल ठकीचा फोन आला होता. मी काही काढायच्या आत तीच म्हणाली, "आत्या, बाबांचा उजवा हात थरथरतो. ते लपवतात, म्हणून मीही न बघितल्यासारखं करते. ब्लॉक तुझ्याकडे पाठवायचा हट्ट मीच धरला."

मी विचारलं, "मग तुला भीती नाही वाटत?"

"कसली? खाचा बाबांनीच पाडल्यात ना? काही चुकलं असतं तर ते बोलले असते."

काम कुठवर आलं असं तिने विचारलं, तर म्हटलं, अजून धुतेच आहे. त्या पोरीशी मी कधी खोटं बोलले नव्हते, ते तुझ्यापायी बोलले.

ब्लॉक वाया गेलेला नाही. चौथ्यात तळापर्यंत लोखंडी स्लीव्हची नळी बसवली की भोक तिच्यामागे बंद होईल. मग त्या स्लीव्हला नवी खाच पाडावी लागेल, ती मी पाडीन. पण भिंत पातळ होत आली की ग्राइंडरचा सूर बदलतो, तो तुझ्या कानाला कळतो, माझ्या अजून नाही. म्हणून तू ये. हवं तर हात खिशात घालून ये. बाजूला उभा राहा आणि "बस" म्हण, मी तिथे थांबेन. मग डॉक्टरांकडेही आपण दोघं जाऊ.

पण त्याआधी ठकीला पुट्टीचं तू सांगायचंस. मी सांगणार नाही आणि वहिनीलाही सांगू देणार नाही. ती रागावेल. तुझ्यावर ती आजवर कधी रागावलेली नाही, त्यामुळे ते तुला फार लागेल. लागू दे, दादा. तू सांगितलंस की ती रडत नाहीतर चिडून मलाच फोन करणार, हे नक्की. तिचा फोन येईल त्या दिवशी मी स्लीव्ह मागवीन. तोवर ब्लॉक टेबलावर उलटाच राहील, चौथ्याचं भोक उघडं ठेवून.

तुझ्या नाही, तिच्या फोनची वाट बघणारी,
तुझी धाकटी