धुराची रेघ वाकली तिथे

प्रिय सुमिए,

पत्राची सुरुवात ऋतूपासून करावी, असं शाळेत यासुदाबाईंनी आपल्या वर्गाकडून घोकून घेतलं होतं. तेव्हा, सफरचंदाचा बहर गळत आला आहे, झालं कर्तव्य. याहून जास्त धीर मला नाही. सुमिए, तुझ्या पांढऱ्या गाडीतला टर्बोच्या दाबाचा काटा काल शून्य पूर्णांक नऊवर गेला! एकतीस वर्षं शून्य पूर्णांक पाचच्या पुढे न गेलेला काटा. मी शेजारच्या सीटवर होतो आणि सत्तरीतला माणूस ओरडू नये तसा ओरडलो.

गाडी माझ्याकडे आणली तुझ्या भाचीने, मित्सुकोने. तुझा भाऊ गेल्यावर बागेबरोबर तीही तिच्याकडे आली. त्याने ती एवढी वर्षं सफरचंदांच्या रांगांमधून फिरवली, पण इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो जागा होईल एवढा पाय कधी दिला नाही. मित्सुको मात्र तुझ्या वळणाची. घाटात तिने दाबून पाहिली आणि तिला कळलं, इंजिनाला दम नाही. शहरातल्या एका गॅरेजवाल्याने टर्बोच बदला म्हणून सांगितलं. तिने विचारलं, "काका, आत्या म्हणायची ही गाडी ढगात शिरते. ही तर टेकडीवर धापा टाकते. आत्या थापा मारायची का हो?"

सुमिए, मी नुसतं बॉनेट उघडलं. तू थाप मारतेस, असं सगळ्यांना सांगणारा मीच होतो ना. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या घाटातल्या शर्यतीत पाच वळणं राहिली असताना, वाटसरूंना राखणाऱ्या जिझो देवाच्या दगडी मूर्तीपाशी, तुझी गाडी ढेपाळली आणि तू चौथी आलीस. खाली उतरून तू म्हणालीस, "तोकुजी, दाब गेला." आणि मी, तुझा मेकॅनिक, सगळ्या मोटार क्लबसमोर, माझ्या कामाला बोल लागला म्हणून चिडून म्हणालो, "दाब नाही गेला, तुझा पाय उचलला गेला. घाबरलीस." क्लबच्या वहीत तसं लिहिलंही गेलं, माझ्याच अक्षरात: 'चालकाने पाय उचलला.' तू हातमोजे काढून बॉनेटवर ठेवलेस आणि निघून गेलीस. पुढे निइगाताला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जन्मभर लोकांना ब्रेक दाबायला शिकवलंस, असं कानावर आलं. तेव्हापासून कालपर्यंत मी त्या मूर्तीवरून कधी गेलो नाही.

म्हणून या वेळी घाई केली नाही. आधी टर्बोचं चाक बोटाने फिरवलं: मऊ फिरलं, जराही खेळ नाही. जादा दाब बाहेर सोडणारी झडप पाहिली: नीट मिटत होती. तिच्याकडे जाणारी बारीक नळी बदलली. काटा पाचावरच. मग उरली एकच शंका. हवा तयार होते, पण वाटेत कुठेतरी पळते. शाळेत यासुदाबाई म्हणायच्या, "कवितेत अक्षरं कोंबू नका, वाऱ्याला फट ठेवा." आठवतं? मी बोटांवर हायकूची पाच-सात-पाच अक्षरं मोजत बसायचो आणि तू मला बोटमोज्या म्हणायचीस. बाईंना कोण सांगणार, की टर्बोच्या नळीत ती फट नको असते!

हवा आत घेणारं तोंड मी रबरी बुचाने बंद केलं, बुचाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवला आणि मित्सुकोच्या हाती पंप दिला. "काका, हे हात सफरचंदं तोडायचे आहेत, सायकली फुगवायचे नाहीत!" ती कुरकुरत होती, पण भरत होती. आईच्या देव्हाऱ्यातली एक उदबत्ती मी पेटवली आणि नळ्यांवरून सावकाश नेऊ लागलो. धूर सरळ वर चढत होता. पहिला जोड, सरळ. दुसरा, सरळ. इंजिनाच्या खालच्या अंगाला, हात जेमतेम पोचतो त्या जोडापाशी, धुराची रेघ एकदम आडवी झाली, जणू कुणी कानाशी हळूच फुंकर घातली. माझी बोटं आपोआप मोजू लागली:

धुराची रेघ
वाकली एका जागी
तिथेच वारा

मित्सुको म्हणाली, "कविता नंतर करा, काका. पंप सोडू का?"

आता नीट वाच. त्या जोडाच्या क्लिपच्या स्क्रूवर लाल रंगाची रेघ होती. क्लिप आवळली की स्क्रूवरून नळीपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची ही माझी सवय; कुणी क्लिप सैल केली तर रेघ तुटते. ती रेघ अखंड होती, सुमिए. शर्यतीच्या सकाळपासून त्या क्लिपला कुणाचा हात लागलेला नव्हता. मी ती उघडली. नळीच्या ओठाखाली एक लाल दोरा चेपून बसला होता, सुतळीहून जाड नसेल. सपाट रस्त्यावर त्याने काही बिघडलं नसतं. पण चढावर पूर्ण दाब आला की नळी तिथे उचलायची आणि हवा निसटायची. दोऱ्याच्या टोकाला देवळातला ताईत होता, प्रवासात सांभाळणारा, तेलाने काळा पडलेला. मित्सुको हसली, "आत्याचा? ती तर म्हणायची, गाडी देवावर नाही, टर्बोवर चालते." मी म्हटलं, तिचा नाही.

दोरा काढला, जोड पुसला, क्लिप आवळली, नवी रेघ ओढली. मित्सुकोने घाटात गाडी घातली. पाच… सहा… इंजिनाची शीळ चढत गेली, जुनी, तीच. जिझोपाशी ती किंचाळली, "काका, काटा बघा काटा!" नऊ. मूर्ती डोळ्यांपुढून गेली ती मला धड दिसलीही नाही. का ते तू ओळख.

आज दुपारी क्लबची बैठक होती, त्याच सोबा नूडल्सच्या दुकानात. मी जुनी वही मागितली. क्लबातला आपला कुरोकावा आता बहिरा झालाय, ओरडून म्हणाला, "एकतीस वर्षांनी कुणाला पडलंय रे त्याचं?" मी त्याहून मोठ्याने म्हणालो, "मला!" ती ओळ खोडली, वर लिहिलं, 'दाब गेला होता. चूक मेकॅनिकची. चालकाने पाय उचलला नव्हता.' आणि सही म्हणून माझा शिक्का मारला. उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. कुरोकावाने दोनदा वाचायला लावलं, मग चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाला, "मग पहिली तीच आली असती की!" सगळे टाळ्या वाजवू लागले, सुमिए. तू नव्हतीस, तरी तुझ्यासाठी.

त्यांना मी एवढंच सांगितलं, की क्लिप माझी. तुला उरलेलं सांगतो. त्यासाठीच हे पत्र आहे. ताईत माझा. त्या सकाळी मी देवळात जाऊन तो तुझ्यासाठी आणला. तू हसशील म्हणून हातात दिला नाही, नळीमागे कुणाला दिसणार नाही असा बांधला, आणि कुणी बघायच्या आत घाईने नळी बसवली, तेव्हा दोरा ओठाखाली गेला असणार. तू सुखरूप यावीस, एवढंच मागितलं होतं. ते देवाने ऐकलं आणि तुझी शर्यत हिरावून घेतली. मी भीतीचा आरोप तुझ्यावर केला, पण त्या दिवशी भ्यालो होतो मी. ताईत वर्षभराने देवळात परत द्यायचा असतो, हे तुला ठाऊक आहे. मला तीस वर्षं उशीर झालाय. किल्ली सोबत पाठवली आहे. देऊळ जिझोच्या पुढे, पाच वळणांवर आहे. ये. गाडी तू चालव, मी ताईत धरून शेजारी बसतो. आणि त्या वळणावर, सुमिए, पाय उचलू नकोस.

तेव्हाही तुझाच,
बोटमोज्या तोकुजी