पाहुण्यांनी सोडलेला मासा

कुल्लू, जून १९९१

तीर्थरूप आबांस निंबाचा दंडवत.

मी बरा आहे. जेवण पोटभर मिळतं. मी कामाला आहे ते हॉटेल नदीकाठीच आहे. बर्फ वितळून पाणी गढूळ झालंय, त्यामुळे पाहुण्यांच्या गळाला ट्राउट मासा क्वचितच लागतो. लागला तरी फोटो काढून सोडून देतात.

मला ते ठाऊक नव्हतं. ‘मासा सुटला म्हंजे घर उपाशी’, हे तुमचंच बोलणं. पाहुण्याच्या हातून निसटला असं वाटून मी पाण्यात उडी घेतली आणि मासा हातानं धरून आणला. सगळे पोट धरून हसले. आता प्रत्येक पाहुण्यासमोर तेच करायला लावतात. बोटं इतकी बधिर झालीत की हातात मासा आला तरी कळत नाही.

आपल्या गिरणा नदीला पाणी आलं का? आलं की कळवा, मी निघतो.

आईला एवढंच वाचून दाखवा, की साहेबलोक माझ्या हातांवर खूश आहेत.

तुमचा,
निंबा