मंगळवारवाली

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी तुमच्याबद्दल चांगलं बोललं की माझं डोकं फिरतं. आणि सौंसरला गेलं की लोक बोलतातच. तुझे बाबा म्हणजे मोहल्ल्याचा आधार. विहाराची भिंत त्यांनी उभी केली. नगरपालिकेत नळ सोडायचं काम, पण एखाद्या घरी पाणी पोचलं नाही तर स्वतः कळशी नेऊन द्यायचे. मी मान डोलावते. मोहल्ल्याला तुम्ही आधार दिलात, आणि मला मोहल्ला देऊन मोकळे झालात.

आई काविळीने गेली तेव्हा मी पाचवीत होते. जलदान विधीला विहार भरला होता. रामाकोन्याची मावशी माझ्या कपड्यांची पिशवी बांधूनच बसली होती. मला घेऊन जायला ती तयार होती, नाहीतर सौंसरला राहून आपल्या घरचं रांधायलाही तयार होती. वंदना संपली आणि तुम्ही उठलात. मला वाटलं, आईबद्दल काही बोलाल. तुम्ही म्हणालात, "माही पोट्टी कुठंच जानार नाही. तिचं जेवन मी मोहल्ल्यावर सोपवून राहिलो." बस, एवढंच. बायकांनी तिथल्या तिथे वार वाटून घेतले. "सोमवार माहा." "गुरुवार मले द्या व." जणू आईच्या साड्या वाटून घेत होत्या. मला कुणी काही विचारलं नाही. तुम्हीही नाही.

मग ते सुरू झालं. संध्याकाळी ज्यांचा वार त्यांच्या घरी जायचं, ओट्यावर उभं राहायचं, आतून हाक येईपर्यंत थांबायचं. प्रेमाने वाढणारेही होते, नाही म्हणत नाही. गुरुवारची काकू बेसनाच्या चुनावर कच्च्या तेलाची धार सोडायची आणि माझ्या ताटात भाकर मोडून द्यायची. पण मंगळवारच्या घरातला पोरगा मला बघितलं की आत ओरडायचा, "मंगळवारवाली आली व माय!" शाळेतही तेच नाव पडलं. रविवारच्या घरी टीव्ही होता, मोहल्ल्यातला एकुलता एक. सगळे सिनेमा बघायला जमायचे आणि मी त्या गर्दीत मान खाली घालून घास गिळायचे. मला एकच गोष्ट हवी होती. एखाद्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी जेवायला बसावं. त्या वेळी तुम्ही विहारात असायचात, लोकांना धम्म समजावत.

एका मंगळवारी मी गेलेच नाही. आईची चूल सारवली, पेटवली, वरण-भात केला. भात खाली लागला, पण झाला. दोन ताटं मांडली आणि तुमची वाट बघत बसले. तुम्ही येता, चप्पल काढता आणि चुलीकडे बघता.

"आज कोनाचा वार होता?"

"मी नाही जात तिकडं. आपन इथंच जेवू ना बाबा."

"ते बाई ताट वाढून बसली अशीन. ऊठ."

"एक घास तं खाऊन पाहा तुमी."

तुम्ही बादली उचलता आणि चुलीत पाणी ओतता. राख उडून भातावर बसते. "ह्या घरात चूल पेटली का लोकं वार सोडून देतीन," म्हणता. "उद्या मी मेलो तं कोनाच्या दारात जाशीन तू?" मग माझा दंड धरून मला मंगळवारच्या घरी नेता आणि दारातूनच परत फिरता. तिथे जेवताना मी रडले नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

तुमचं म्हणणं खरं ठरलं, आणि मला तर त्याचाच जास्त राग येतो. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. इथे छिंदवाड्याला शेजाऱ्यांनी एक-दोन दिवस चहा दिला आणि मग दारं लावून घेतली. मी अंथरुणातून उठत नव्हते. एका सकाळी पहिल्या बसने गुरुवारची काकू आली. गुडघे गेलेले, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिच्या मागे मंगळवारच्या घरातला तो ओरडणारा, आता केस पिकलेला. "ताई" म्हणाला आणि कुणी न सांगता भांडी घासायला बसला. काकूने भाकर मोडून पुढे केली. "खाय माय. तुहा बाप सांगून गेला होता, पोट्टीचा वार तुटू देऊ नका म्हनून." मी खाल्लं, आणि खाताना मनातल्या मनात तुम्हाला शिव्या दिल्या. मला उठवलं ते त्यांनी, तुम्ही नाही.

आता दर रविवारी इथल्या विहारात जाते. बुद्धाला आणि धम्माला शरण जाताना आवाज सरळ निघतो. संघाशी आलं की आवाज चढतो, तो भक्तीने नव्हे, रागाने. तरी तिथे बसलं की बरं वाटतं. शेजारच्या बायकांपैकी कुणाचा मुलगा गेलाय, कुणाला नवऱ्याने टाकलंय. कुणी कुणाला काही समजावत नाही, सगळ्या मिळून वंदना म्हणतो आणि तेवढा वेळ मला माझं दुःख एकटीचं वाटत नाही. हे तुम्ही मला दिलंत, असं लोक म्हणतील. मी तुमच्याकडे हे मागितलंच नव्हतं. तुम्ही माझ्या हातचा एक घास खायला हवा होता, बाबा.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही ते विहारात सगळ्यांना वाचून दाखवलं असतंत.

परवा पौर्णिमेला एका नव्या बाईने विचारलं, "वंदना इतकी स्वच्छ म्हणता, कुणी शिकवली?" तुम्हीच शिकवली होतीत. पहाटे नळ सोडायला निघताना मला सायकलच्या दांडीवर बसवून, एकेक ओळ, माझी जीभ वळेपर्यंत. मी म्हणाले, आईने. आईला त्यातली एक ओळही येत नव्हती.