पांढरा गोंद पारदर्शक होईपर्यंत

१९ सप्टेंबर, बोईसर
तीनला पहिली पाळी सुटताना कारखान्याच्या गेटवर सभा. मी पंचवीस मिनिटं बोलले, कागद न बघता. विषय जुनाच, हवा खेळती ठेवा. पण आज जीभ तापली होती. ‘तुम्हाला येतो तो नुसता वास नाही, मालक तुमच्या फुप्फुसात भाडं न देता राहायला आलाय.’ टाळ्या. बसवाल्याने हॉर्न वाजवला तरी लोक हलेनात.
संध्याकाळी हॉलवर हरीभाऊंबरोबर टेबल टेनिसचा सराव. ते डावरे, मी उजवी, एकमेकांच्या पायात येत नाही. सहा वर्षं मिश्र दुहेरी, एकदाही भांडण नाही. हे माझ्याबाबतीत विक्रमीच. जायच्या आधी बॅटचं रबर नव्याने चिकटवलं होतं, सायकलवाल्याकडचं पंक्चरचं सोल्युशन. चेंडू नुसता टणाटण. दोन्ही गेम जिंकले. घरी येऊन वरण-भात, गाढ झोप.

२१ सप्टेंबर
रेखा आली होती, पॅकिंग विभागातली. कामगार खात्याला द्यायच्या अर्जावर सह्या गोळा करतेय. माझी खेळाची पिशवी खुर्चीवर उघडी. ती बसली आणि नाक मुरडलं. ‘दीदी, आपके बैग से तो हमारे डिपार्टमेंट की बास आ रही है।’
मी हसले. म्हटलं, अगं, बॅट चिकटवायचा डिंक आहे.
ती गेल्यावर पलंगाखालून सोल्युशनचा डबा काढला. भिंग घेऊन लेबल वाचलं. बारीक अक्षरात त्याच रसायनाचं नाव. परवा गेटवर बोट उंचावून ज्याचा उच्चार केला तेच. दर पंधरवड्याला खिडकी लावून, पंखा बंद करून (वाऱ्याने डिंक लवकर आळतो म्हणून!) हे मीच हुंगत आलेय. घर भरून पुस्तकं आणि एक लेबल वाचलं नव्हतं.
डबा बंद करून गॅलरीत ठेवला. फेकायचा कुठे, हाही प्रश्नच. गटारात तर नाही.

२२ सप्टेंबर
हरीभाऊंना, म्हणजे ह.भा.ना, सांगितलं. यापुढे पाण्याचा गोंद, दोघांनीही.
‘तुमी भाषन करा, ताई. बॅट माजी हाय.’
म्हटलं, बॅट तुमची, फुप्फुसं कुणाची?
‘पन्नास वर्सं बोटीच्या फटीत डांबर भरत आलो. आता फुप्फुसाचं काय सांगता?’
नियमातही हे सोल्युशन बसत नाही, पण आपल्याकडच्या स्पर्धांत कोण तपासतंय. म्हणून नियम काढला नाही. गेटवर एक आणि हॉलवर दुसरं, असं मला जमणार नाही, एवढंच बोलले. जरा मोठ्याने बोलले असेन. कॅरमवाले थांबून बघत होते.
ते खेळ अर्धा टाकून दांडीला, आपल्या गावी, निघून गेले. जाताना म्हणाले, मासवणचे गुरुजी कधीचे विचारतात आमच्याकडून खेळा म्हणून.
पालघरची ज्येष्ठांची स्पर्धा २६ ऑक्टोबरला. बोललेला शब्द सोडायचा नाही आणि जोडीदारही. दोन्ही कसं?

२५ सप्टेंबर
कुरिअरने पाण्याचा गोंद आला. दुधासारखा पांढरा. वास फिकट, नाकाला जरासा चिमटा. कागदावर लिहिलंय, रबरामागच्या स्पंजला आणि लाकडाला पातळ थर द्या, पूर्ण पारदर्शक झाल्यावरच चिकटवा.
चार वाजता लावला. पाच वाजले, पांढराच. साडेपाच, पांढराच. हवा अशी की पापडसुद्धा वातड झालेत. मला ‘थांबा’ हा शब्द आयुष्यात मानवलेला नाही. दिला चिकटवून.
हॉलवर तिसऱ्याच फटक्याला रबर सुटलं आणि तहानलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखं लोंबलं. बाकावरून कुणीतरी खो खो हसलं. ह.भा.! आले होते.

२९ सप्टेंबर
आज हसायची पाळी माझी. ह.भा.नी मला न सांगता घरी प्रयोग केला. ‘पान्याचाच पायजे ना? मग सुताराचा पांढरा डिंक काय वाईट? त्यात पन पानी हाय.’ दारं-खिडक्या चिकटवायचा तो डिंक! रात्रभर वर पाटा ठेवून दाबलं म्हणे.
रबर दगडासारखं कडक. निघता निघेना. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं. निघालं ते लाकडाची साल घेऊनच. बारा वर्षांची बॅट.
उघडं पडलेलं लाकूड अंगठ्याने चाचपलं. मग म्हणाले, ‘घट मात्र बसलं होतं.’ आणि हसत सुटले. मीही.
माझी जुनी दुसरी बॅट त्यांना दिली. पण एक लक्षात आलं, ते लिहून ठेवते. त्यांनी सोल्युशन वापरलं नव्हतं.

४ ऑक्टोबर, दांडी
ह.भा.कडे जेवायला. जयावहिनी, त्यांच्या घरच्या, अंगणात बांबूंवरचे सुकलेले बोंबील उतरवत होत्या. मी गोंदाचं रडगाणं गायले. तापमान, आर्द्रता, वाचलेलं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, हात चालूच.
‘लावता कवा?’
चारला, म्हटलं.
‘चारला!’ बोंबील हातातच राहिला. ‘चारला कोन सुकत घालतं काय? सकालचा वारा जमिनीवरून येतो, तो सुका. ऊन चढलं की समिंदराचा सुरू होतो, खारा, वला. त्याच्यात माजा बोंबील सुकत नाय, तुमचा डिंक काय सुकनार? येवढी पुस्तकं वाचलीत, वाऱ्याला इचारलं नाय?’
ह.भा. भाताकडे बघत होते. खांदे हलत होते.
वादात मी हरले. माझ्या आठवणीत असं तिसऱ्यांदा झालंय. आधीच्या दोन वेळाही समोर बाईच होती.
सुरमईचं कालवण. तीनदा वाढून घेतलं.

५ ऑक्टोबर
सकाळी सातला पुन्हा दांडी. वहिनींच्या हुकमाने वारा पाठीशी घेऊन बसलो. थर पातळ, स्पंजच्या तुकड्याने, एकाच दिशेने. बॅटी बांबूंना टांगल्या, शेजारी बोंबील. सात मिनिटांत कडा स्वच्छ. पंधरा मिनिटांत सगळं पारदर्शक, पांढऱ्याचा ठिपकाही नाही. चिकटवून लाटण्याने लाटलं. पक्कं.
बॅटला बोंबलाचा वास आलाय. डब्यापेक्षा हजारपट बरा.
संध्याकाळी हॉलवर. आधीचा ‘टण्’ नाही, ‘ठप’.
‘आवाज मेला, ताई.’
‘चेंडू टेबलावर पडला ना?’
‘पडला.’
‘मग?’
‘मजा नाय आली.’
यावर वाद घालता येत नाही. मजा ही खरी गोष्ट आहे. भाषणात मी तिला कधी जागा दिलेली नाही, हा माझा दोष. गुरुजींना अजून नाही म्हटलेलं दिसत नाही ह.भा.नी. मी विचारलं नाही.

१२ ऑक्टोबर
गेटवर सभा. ठरवून आधी स्वतःचंच सांगितलं. पलंगाखालचा डबा, लावलेली खिडकी, बंद पंखा. ‘तुम्हाला शहाणपण शिकवणारी ही बाई घरात तेच हुंगत होती. का, तर चेंडू जोरात जातो म्हणून. तुमचा मालकसुद्धा तेच म्हणतो, माल जोरात जातो म्हणून!’
मागून एकजण हसला, मग सगळेच. रेखाने टाळी सुरू केली. सभेनंतर सह्यांना रांग लागली. कालपर्यंत बिचकणारेही आले. माझ्या मते आजवरचं सगळ्यात बरं भाषण, आणि आरडाओरडा सगळ्यात कमी.
रिक्षा स्टँडजवळ ह.भा. उभे दिसले. हातात भाजीची पिशवी. दांडीहून बोईसरला भाजीसाठी येतं का कुणी?
‘कसं वाटलं?’
‘लांबलं जरा.’
थोडं चालल्यावर म्हणाले, ‘गुरुजींना फोन केला काल. सांगितलं, माजी जोडी हाय.’
मी मान डोलावली. बोलले असते तर भाषण झालं असतं.

२० ऑक्टोबर
रोज सराव. ‘ठप’ला कान सरावले. ह.भा. आता जोरापेक्षा जागा बघून मारतात आणि मलाच शिकवतात, ‘टोला नको, जाळं टाकल्यासारकं.’ गॅलरीतला डबा रेखाच्या विभागातल्या घातक कचऱ्याच्या पिंपात परवानगी घेऊन गेला. जिथून वास आला तिथेच परत. बरं चाललंय. फारच बरं. कुणावर तरी रागवायला हवं.

२६ ऑक्टोबर, पालघर
हॉलच्या पायरीवर बसून लिहितेय. पहिला सामना जिंकलो, तीन-एक. शेवटच्या गेमला ह.भा. खालचा चेंडू उचलायला गेले, बॅट टेबलाच्या कडेवर आपटली. रबराचा कोपरा तीन बोटं सुटला. उपांत्य सामना अर्ध्या तासाने. साडेबारा वाजलेत. वारा फिरलाय, इथवर ओलसर लागतो.
मासवणचे गुरुजी, ज्यांना ह.भा.नी नाही म्हटलं तेच, पुढचा सामना त्यांच्याशीच. धावत आले, हातात सोल्युशनची ट्यूब. ‘ताई, लावून टाका, दोन मिनिटांत बसेल. तुमच्याशी फाटक्या बॅटने खेळायची आम्हाला हौस नाही.’ किती चांगला माणूस.
लिहायला हवं. माझा हात पुढे झाला होता.
ह.भा.नी तो हलकेच खाली केला. ‘नको गुरुजी. गेटवर सगल्यांच्या समोर बोलल्यात त्या. मी हुतो तितं.’
मग मीच पिशवीतून पांढरी बाटली काढली. दोन्हीकडे पातळ थर. सुटलेला कोपरा ह.भा.नी अंगठ्याने उघडा धरलाय, जणू जखमी पाखराचा पंख. गुरुजीही शेजारी बसलेत, ट्यूब खिशात घालून, घड्याळ बघत. वहिनी फोनवरून ओरडतायत, भिंतीच्या आडोशाला जा, समिंदराकडं पाठ करा. केली.
कडा निवळल्या. मधोमध टिकलीएवढं पांढरं आहे.
आमची नावं पुकारली. एकदा. तीनदा पुकारतात, मग बाद.
‘ताई, लिवनं पुरे. ती वही द्या हिकडं, वारा घालायला’