कोरड्या टाकीच्या नोटिशीस हरकत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपंचायत कार्यालय, शिरगुंडी,
ता. निपाणी, जि. बेळगाव

विषय : पावसाच्या पाण्याची टाकी कोरडी आढळल्यामुळे नळ तोडण्याच्या नोटिशीस स्थगिती मिळणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ९ मे २०२५.

महोदय,

१. अर्जदार त्रिशला कलगोंडा मगदूम यांनी आपल्या नियमानुसार दोन वर्षांपूर्वी अंगणात टाकी बांधून छपराचे पाणी तिच्यात सोडले. पाणी साठवल्यास घरपट्टीत सूट, न साठवल्यास नळ बंद, असा तो नियम. सूट अद्याप मिळालेली नाही. त्याबद्दल आज तक्रार नाही.

२. दि. ५ मे रोजी दुपारी शेजारच्या तंबाखूच्या वखारीस आग लागली. वखारीला लागूनच्या खोलीत सत्तर वर्षांच्या अक्काताई झोपल्या होत्या. त्या दिवशी नळाची पाळी नव्हती आणि बंब यायला अवकाश होता. अर्जदाराने टाकीत मोटर सोडून पाइप तिकडे वळवला. "दारावर मार, दारावर!" असे ओरडत अर्जदाराचे पती ओले पोते पांघरून आत शिरले. ते पुन्हा दिसेपर्यंत अर्जदाराने पाइप दारावरच धरून ठेवला. अक्काताईंना उचलून ते बाहेर आले, तेव्हा पतीचे दोन्ही हात भाजले होते. बंब आला तोवर टाकीचा तळ लागला होता.

३. दि. ८ मे रोजी अर्जदार पतीस घेऊन दवाखान्यात असताना निरीक्षक येऊन गेले व "टाकी कोरडी, यंत्रणा बंद" असा शेरा मारला. आगीचा पंचनामा आपल्याच कार्यालयात, पलीकडच्या टेबलावर आहे.

४. दि. १२ रोजी अर्जदार समक्ष आल्या असता लिपिक म्हणाले, "आक्का, टँकरनं भरा, फोटो काढा, मिटलं." 'टाकीतील पाणी पावसाचेच आहे' असे छापील हमीपत्रही पुढे केले. अर्जदाराने सही केली नाही. घरी पती चिडून म्हणाले, "करायची हुतीस की सही! माझं हात धड असतं तर मीच केली असती." परंतु तशी सही केल्यास टाकीतले पाणी आगीवर कधी मारलेच नाही, असे अर्जदाराने स्वतः लिहून दिल्यासारखे होईल.

५. उद्या सकाळी अकराला नोटिशीची मुदत संपते व नळ तोडला जाईल. पतीच्या जखमा दिवसातून दोनदा धुवाव्या लागतात. तरी आपण अकराच्या आत जातीने येऊन पाहणी करावी.

६. अक्काताईंनी सांगितलेला मजकूर त्यांच्याच शब्दांत : "सायेब, पाणी कुठं गेलं म्हून इचारतासा, तर मला येऊन बघा. मी हाय अजून. लई चालवत न्हाय, न्हायतर मीच आलो असतो."

सोबत : नोटिशीची प्रत, दवाखान्याचे कागद, अक्काताईंचा अंगठा.

उद्या अकरापर्यंत आपली वाट पाहणारी,
नम्र अर्जदार,
त्रिशला कलगोंडा मगदूम
दि. १५ मे २०२५