अकरा काचा

३ मार्च

बयो आज नाचतच प्रयोगशाळेत आली. नकाशेवाल्या सरांनी तिला प्रकल्प दिला. या सरांच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा आहे आणि जिथे जिथे ताप आहे तिथे तिथे टाचण्या – म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. चांगला प्रकल्प करणाऱ्या एकाच विद्यार्थ्याला परदेशात उष्ण कटिबंधातले आजार शिकायला पाठवणार आहेत. सहा महिने.

मी म्हटलं, "अगं, ज्या गावात डास थंडीनं मरतो तिथे जाऊन तू हिवताप शिकणार?"

"तिथे अभ्यास आहे मावशी. आपल्याकडे नुसता ताप आहे."

हसले मी. पण खरं सांगायचं तर लागलं. बत्तीस वर्षं या खोलीत बसले. आले तेव्हा बाटल्या धुवायला आले होते. मायक्रोस्कोपात डोकावायला कुणी शिकवलं नाही – जेवणाच्या सुट्टीत टाकून दिलेल्या काचा बघत शिकले, आणि इंग्रजी त्या काचांवरच्या चिठ्ठ्यांवरून. आता निवृत्तीनंतरही बोलावून ठेवलंय. डॉक्टर होऊ घातलेली पोरं माझ्याकडेच येतात, "मावशी, हा जंतू आहे की घाण?" विचारायला. तो अभ्यास नाही वाटतं!

असो. पोरीचं होऊ दे. बहीण गेल्यापासून वाढवली ती याच दिवसासाठी.

८ मार्च

दगडखाणीवरची वस्ती निवडली तिनं. ताप असो-नसो, सगळ्यांचं रक्त घ्यायचं. दोन वर्षांपूर्वी तिथे मच्छरदाण्या वाटल्या, त्यानंतर हिवताप किती उरला ते पाहायचं. रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा जंतू दिसावा म्हणून रंगवणं आणि वाचणं माझ्याकडे. म्हणाली, "तुझ्याशिवाय मला कुणावर भरवसा नाही." मूठभर मांस चढलं अंगावर.

१९ मार्च

दोनशे चौदा काचा वाचून झाल्या. पाठीचं पार धिरडं झालं. शेवटच्या खेपेत अकरा निघाल्या हिवतापाच्या. मला नवल वाटलं नाही. डबक्याकाठी राहतात बिचारी, मच्छरदाण्यांत कोंबड्या झाकून ठेवतात. ताप कुठे जाणार?

बयो अकराही काचा घेऊन बसली. बराच वेळ. मग म्हणाली, "मावशी, नक्की ना?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुझे सर दाढी करायला शिकत होते तेव्हापासून वाचतेय मी."

ती काचा डबीत घालून निघून गेली.

२१ मार्च

दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तीही मान खाली घालून जेवली.

९ एप्रिल

अक्षर बिघडतंय, बिघडू दे.

नकाशेवाले सर बयोचा अहवाल माझ्या टेबलावर विसरून गेले. तिसऱ्या पानावर होतं – अकरा काचा हिशेबात धरलेल्या नाहीत, कारण त्या वाचणाऱ्या व्यक्तीकडे कोणतंही प्रमाणपत्र नाही.

तीनदा वाचलं. वाटलं, इंग्रजी कळण्यात माझी चूक होत असेल. नव्हती.

बाकीच्या दोनशे तीन काचांना प्रमाणपत्र लागलं नाही! त्या कोऱ्या निघाल्या ना. मच्छरदाण्यांचा उपयोग झाला, असं दिसलं ना त्यातून. तिथे मावशी चालली. जिथे तिच्या सुरेख आकड्यांना गालबोट लागत होतं तिथे मावशी अडाणी झाली.

हिला मी मांडीवर बसवून मायक्रोस्कोप दाखवला होता. डोळा पुरत नव्हता तर खाली दोन जाड पुस्तकं घातली होती. "चांदण्या दिसतात," म्हणाली होती. पांढऱ्या पेशी होत्या त्या.

आणि माझं मरू दे. पण ती अकरा माणसं? तापानं फणफणली तर त्यांना गोळी कोण देणार? अहवालात नाहीत म्हणजे ती आजारीच नाहीत. याला म्हणे जगाचं आरोग्य!

१० एप्रिल

झोप नाही. विचारायचंच.

११ एप्रिल

विचारलं. ती भांडी विसळत होती. वळलीसुद्धा नाही.

"तू ते वाचायला नको होतंस."

"एवढंच? त्या अकरा जणांचं काय?"

"त्यांचं मी बघितलंय. तू यात पडू नकोस मावशी. हात जोडते."

बघितलंय म्हणे. काय बघितलंय ते सांगायला तोंड नाही. मी म्हटलं, "मोठी डॉक्टर होशील बाई, पण माणूस राहशील का ते बघ."

ताट तसंच टाकून गेली. मला वाईट वाटलं नाही. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाटलं असं म्हणायला नको.

१४ एप्रिल

विभागप्रमुख बाईंना जाऊन सांगितलं. सगळं. अकरा आजारी माणसं लपवली, म्हटलं. माझी स्वतःची भाची आहे म्हणून पोटात ठेवणार नाही, हेही म्हटलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मावशी, विचार केलाय ना? तुमच्या मुदतवाढीचा कागदही याच महिन्यात निघायचाय. चौकशी लागली की सगळ्यांचीच लागते."

"लागू द्या. माझं काम स्वच्छ आहे."

१५ एप्रिल

बैठक झाली. बयो उभी, आम्ही बसलेले. सरांनी विचारलं, "काचा का वगळल्या?" ती गप्प. "मावशींवर भरवसा नव्हता?" गप्प. एकदाच माझ्याकडे बघितलं. मी नजर फिरवली.

सरांनी शिफारसपत्र परत घेतलं. जागा दुसऱ्या मुलाला. संध्याकाळी तिनं मला विचारलं, "चहा घेणार का?" जसं काही झालंच नाही! मी नको म्हटलं. चहाची तलफ आली होती तरी.

१८ एप्रिल

बाईंनी सांगितलं, त्या अकरा जणांना औषध द्यायचं तर आधी पुन्हा तपासा. हिवताप खात्याच्या फवारणीवाल्याला घेऊन खाणीवर गेले. त्याच्याकडे बोट टोचून पंधरा मिनिटांत सांगणारं किट असतं. मनात म्हटलं, आता बघ बयो, प्रमाणपत्र नसलेल्या मावशीचं वाचन.

पहिलं किट – एकच रेघ. हिवताप नाही. दुसरं – एकच रेघ. फवारणीवाला ओळीनं मांडत गेला, मी ओळीनं बघत गेले. अकराही कोरी. "किटं जुनी असतील," मी म्हटलं. त्यानं खोक्यावरची तारीख दाखवली.

मुकादमाची बायको कंटाळून म्हणाली, "आता किती वेळा टोचणार ओ? ती डॉक्टर पोरगी दोनदा येऊन गेली. याच अकरा जणांना टोचलं, किट लावलं, काचाही नेल्या. म्हणाली, कुणाला काही नाही, काळजी करू नका. वर बजावून गेली, ताप आला तर मला फोन करा."

"कधी आली होती?"

"मार्चातच की."

तिथल्या दगडावर बसले. फवारणीवाल्यानं पाणी दिलं.

परत येऊन प्रयोगशाळेच्या कपाटातल्या बयोच्या डबीतून त्या अकरा काचा काढल्या. मायक्रोस्कोपाखाली लावून नजर जुळवायचा बारीक स्क्रू फिरवला. ठिपके पेशीच्या आत नव्हतेच, वर तरंगत होते. रंगाचा गाळ. त्या दिवशी बाटली संपत आली होती, नवा रंग कालवायचा कंटाळा केला आणि सकाळचा उरलेला संध्याकाळी वापरला. हीच चूक करू नका म्हणून बत्तीस वर्षं मी पोरांचे कान पिळले! आणि वाचताना स्क्रू फिरवला नाही, कारण खाणीवरच्या माणसांना ताप असणारच, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

घरी आल्या आल्या विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"विचारलं होतं मावशी. नक्की ना, म्हणून. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस."

"मग अहवालात खरं का नाही लिहिलंस? रंग बिघडला होता म्हणून?"

"रंग बिघडला लिहिलं असतं तर तुझ्या महिन्याभराच्या सगळ्या काचा पुन्हा तपासल्या असत्या. तुला काढलं असतं. प्रमाणपत्र नाही, हे तर सगळ्यांना माहीतच आहे. त्यानं काय बिघडणार होतं?" मग म्हणाली, "तुला एवढं लागेल असं वाटलं नाही गं."

उद्या बाईंकडे जाऊन सगळं सांगायचं. जागा परत मिळेल न मिळेल.

१९ एप्रिल

जायच्या आधीच शिपाई माझ्या मुदतवाढीचं पत्र घेऊन आला. एक वर्ष. खाली बाईंच्या अक्षरात शेरा – "चौकशीत काचांच्या रंगात दोष आढळला. काचा तुम्ही नव्हे, तिने स्वतः रंगवल्या होत्या, असे संबंधित विद्यार्थिनीने लेखी दिले आहे." सोबत जोडलेल्या तिच्या कागदावरची तारीख सोळा. म्हणजे मी बैठकीत नजर फिरवली त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

पत्रावर माझ्या सहीची जागा आहे. सही केलेली नाही. पत्र आणि अकरा काचांची डबी घेऊन बाईंच्या खोलीकडे निघाले आहे.