दुसरं चाक वीतभर आत

मंगळवार, १२ मार्च १९९६. मिरकाब

पाइपलाइनच्या पाहणीसाठी वाळूत चालणारी मोठी चारचाकी बाइक घ्यायची, निवड माझी. सगळ्यांत दणकट होती तीच निवडली. मागे अवजारं राहतात, टेकाड सहज चढते. कागदावर सही करत होतो तेवढ्यात सदू परब, आमचा मालवणचा फिटर, आला. चालवणार तोच. म्हणाला, "साहेब, हिची दोन्ही चाकां पिकपच्या चाकोरीत बसतली मा?"

"बसतील रे," मी मान वर न करता म्हणालो.

पाच वर्षांपूर्वीच्या आखाती युद्धातले सुरुंग अजून इथल्या वाळूखाली आहेत. म्हणून पिकपच्या जुन्या चाकोरीबाहेर चाक टाकायचं नाही, हे नव्या माणसांना मीच दरडावून सांगतो. आणि मीच रुंदी बघायला विसरलो? इंजिन बघत बसलो, मूर्खासारखा.

घरी आल्यावर बायकोची शिवणाची टेप घेऊन खाली गेलो. पिकप मोजली, कॅटलॉगातल्या मापाशी ताडून पाहिली. एक चाक चाकोरीत धरलं तर दुसरं वीतभर आत, कोऱ्या वाळूवर पडतं. पुन्हा मोजलं. वीतभरच.

सही उद्या सकाळी खोडेन, बोलणी खाईन. पण सदू? त्यानं टेप मागितली नाही. माझ्या "बसतील"वर विश्वासून नुसतं "बरां" म्हणाला आणि गेला.